बाटलीचा मालक कोण?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे. — संपादक)



व्यसनावर बोला असं पोरं सांगायला आली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, मंडप कोण देणार? कारण मागच्या जयंतीला मंडप आणि खुर्च्या देशी दारूच्या दुकानदाराने दिल्या होत्या, आणि फ्लेक्सवर त्याचा हात जोडलेला फोटो बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा वीतभर मोठा होता. पोरं म्हणाली, या वेळी सतरंजी आहे, खुर्च्या नाहीत. म्हटलं, मग येतो. ज्यांची ढुंगणं दुखतायत त्यांनी जरा सोसा.

मी डॉक्टर नाही. एका सरकारी इस्पितळात, पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात कामाला आहे. ट्रॉली ढकलतो, पेशंट पुसतो, मेला तर कापड बांधतो. बारा वर्षं झाली. त्यामुळे मी जे सांगणार ते पुस्तकातलं थोडं आणि खाटेवरचं जास्त.

व्यसनमुक्तीचं भाषण आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पांढऱ्या कपड्यांतला एक सद्गृहस्थ येतो, दारूने संसार उद्ध्वस्त होतो असं सांगतो, आणि जाताना हळूच म्हणतो, तुमच्या लोकांत हे प्रमाण जरा जास्तच आहे, नाही का! जसं काही दारू आपल्या रक्तातच आहे. अरे, क्लबात बसून पितो तोही पितो. फार्महाऊसवर पितो तोही पितो. त्याचं लिव्हर सडायला लागलं की तो आधी पाचशे रुपये फीच्या डॉक्टरकडे जातो, मग पाच लाखांच्या हॉस्पिटलात. आपल्या माणसाचं सडलं की तो माझ्या वॉर्डात दोन खाटांच्या मधल्या जमिनीवर येतो, आणि मग त्या जमिनीवरच्या माणसाकडे बोट दाखवून म्हणायचं, बघा, यांच्यात जास्त! रोग एक आहे. खाट वेगळी आहे. पण आपला माणूस का पितो, कधी पितो, कोणाच्या सोयीसाठी पितो, हे वेगळं आहे आणि त्यावरच मला बोलायचंय.

सकाळी पाच वाजता नाक्यावर जा. ड्रेनेजवर जाणारी माणसं तिथं उभी असतात. दात घासायच्या आधी त्यांच्या घशाखाली पावशेर गेलेली असते. त्यांना जाऊन सांगा दारू वाईट. ते तुम्हाला सांगतील, चल, झाकण उघडलंय, पुढं हो, उतर. माणसाच्या गुवात गळ्यापर्यंत उभं राहायचं, हाताने गाळ काढायचा आणि दुपारी त्याच हाताने भाकर मोडायची, हे शुद्धीवर असलेल्या माणसाकडून होत नाही. म्हणून त्याला शुद्धीवर ठेवतच नाहीत. मुकादम स्वतः खिशातून पावशेरचे पैसे काढून देतो. मास्क देत नाही, बूट देत नाही, मशीन आणत नाही, पावशेर मात्र देतो, कारण ती मशीनपेक्षा स्वस्त पडते. कंत्राटदाराच्या हिशेबात दारू हे आपलं सेफ्टीचं सामान आहे.

आणि तीच त्याला मारते. गटारात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं वायू गेला. गेलेला नसतो, वाढलेला असतो. अशा वेळी डोकं जागेवर लागतं, पाय चपळ लागतात, दोर ओढायची खूण वेळेत करावी लागते. दारूने हे तिन्ही जातं. एक खाली पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही प्यालेला. दोन प्रेतं वर येतात आणि पोलिसाच्या कागदावर काय येतं? मयताच्या तोंडाला दारूचा वास येत होता. झालं! कंत्राटदार सुटला. हाताने मैला काढायला लावायला बंदी करणारे कायदे १९९३ साली झाले, २०१३ साली झाले. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ साली तीस लाख सांगितले. ते तीस लाख मागायला गेलेल्या विधवेच्या तोंडावर हाच दारूचा वास फेकला जातो. म्हणून, पोरांनो, ज्यांचा बाप, काका, भाऊ या कामावर आहे त्यांनी पहिली मागणी मशीनची लावायची, दारूबंदीची नंतर.

आता उसाच्या फडावर चला. बीडकडून, जालन्याकडून दिवाळीनंतर ट्रकच्या ट्रक भरून कोयते निघतात. माणसं म्हणत नाहीत त्यांना, कोयतेच म्हणतात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. थंडीत पहाटे ऊस तोडायचा. आपली बौद्ध, मातंग, वंजारी, लमाण माणसं तोडतात. ऊस कारखान्यात जातो. साखर निघते ती शहराच्या चहात जाते. उरते ती मळी. ती काळी चिकट मळी डिस्टिलरीत जाते, तिचं स्पिरिट होतं, त्या स्पिरिटाची देशी होते, बाटलीवर संत्र्याचं चित्र लागतं आणि ती बाटली फडाच्या कडेला, कोपीपासून हाकेच्या अंतरावर, विकायला येते. ज्याने ऊस तोडला त्याच्याच घशात तो ऊस पुन्हा पैसे घेऊन ओतला जातो! उचलीतून वजा होऊन. कारखान्याचे चेअरमन कोण, डिस्टिलरी कोणाच्या, आमदार कोण, मंत्री कोण, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि प्रत्येक बाटलीमागे सरकारी तिजोरीत शुल्क पडतं. वर्षाला हजारो कोटी. मग तेच सरकार नशाबंदीला दमडी देतं आणि भिंतीवर लिहितं, दारू पिऊ नका.

इथं एक गंमत सांगतो. महाराष्ट्रात दारू प्यायला आजही कायद्याने परवाना लागतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे. नाव बदललंय, बंदी सैल झाली, कायदा तोच. आणि परवाना कशासाठी? आरोग्य राखण्यासाठी! माझ्या वॉर्डात पोट फुगून आलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने आरोग्य राखत असतो.

हा धंदा आजचा नाही. इंग्रजाने १८७८ साली अबकारीचा कायदा केला आणि मोहाची फुलं गोळा करून घरी दारू गाळणारा आदिवासी एका रात्रीत गुन्हेगार झाला. गाळायचा हक्क ठेकेदाराला विकला. लोकांनी प्यायचं थांबावं असा हेतूच नव्हता, महसूल एका हातात यावा असा होता. पुण्यात दुकानं वाढली. तेव्हा पुणे नगरपालिकेत बसलेल्या एका सभासदाने १८८० साली त्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. सभासदाचं नाव जोतीराव फुले. दारूचं दुकान लोकांच्या नीतीचा नि तब्येतीचा सत्यानाश करतं आणि सरकार त्यावर पैसा मिळवतं, हे त्या माणसाला तेव्हा दिसलं होतं.

आणि बाबासाहेब? तुम्ही पटकन म्हणाल, बावीस प्रतिज्ञांतली सतरावी. बरोबर. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. पंचशीलातलं पाचवंही तेच. पण त्याच बाबासाहेबांनी १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला कडाडून विरोध केला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? बघा, गप्प झालात. त्यांचं म्हणणं असं होतं की या बंदीने महसूल बुडतो, पिणारे थांबत नाहीत, आणि दारू घराघरात गाळली जाते. पूर्वी पुरुष बाहेर दुकानात जाऊन प्यायचा, आता भट्टी घरातच आली म्हणजे बाया-पोरंही तिच्यात ओढली जातात. यात विसंगती नाही. मी पिणार नाही हा माझा निश्चय. पोलिसाच्या दंडुक्याने तुझी सोडवतो हे सरकारचं ढोंग. पहिल्यावर त्यांचा विश्वास होता, दुसऱ्यावर नव्हता.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण इथं पुढं बसलेल्या चार-पाच जणांच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहीत आहे. भट्ट्या फोडायच्या. ठीक. फोडा. पण कोणाच्या? नाल्यापलीकडं जी बाई गाळते, तिचा नवरा पिऊन मेला, पोरं तीन, दुसरं काम कोणी देत नाही. तिचं पिंप तुम्ही उलटं कराल, फोटो काढाल. आणि नाक्यावरचं लायसनवालं दुकान? त्याच्या शटरला हात लावायची हिंमत आहे? पोलीस तिच्याकडून हप्ता घेतो, त्याच्याकडून सलाम घेतो. चंद्रपूरच्या बायांनी रक्त आटवून लढा दिला, १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात दारूबंदी झाली, आणि २०२१ साली सरकारने ती उठवली. त्या बायांना मी मानतो. पण बंदीच्या काळात कोण गब्बर झालं हेही तिथल्या पोरांना विचारा. मला विचाराल तर कायद्यातलं एकच हत्यार आपल्या कामाचं आहे, आडवी बाटली. बायांनी अर्ज करायचा, मतदान मागायचं, आडव्या बाटलीला ठरलेलं बहुमत पडलं की दुकान बंद. त्यात पोलिसाच्या दंडुक्यापेक्षा बायांच्या बोटाला किंमत आहे. ते करा. ते अवघड आहे, दारोदार फिरावं लागतं, म्हणून कोणी करत नाही.

भट्टीच्या मालाबद्दल मात्र कोणाला दयामाया नको. सडका गूळ, नवसागर, आणि घाईच्या धंद्यात काय काय पडतं देव जाणे. देव नाही, तेव्हा गाळणाराच जाणे. २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीला ऐंशीहून जास्त माणसं गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त. २०२४ साली कोर्टाने चौघांना दोषी धरलं, बाकीचे सुटले. शंभरावर चिता आणि चार माणसं. त्या मालात मिथेनॉल होतं. कारखान्यातलं स्पिरिट. चवीला कळत नाही, नशा तशीच चढते. पोटात गेलं की आपलंच लिव्हर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं. मुंगी चावल्यावर आग होते ना, तीच जात. ते डोळ्याच्या नसेवर जातं. दोन चमचे डोळे घालवायला पुरतात. माणूस रात्री पिऊन झोपतो, सकाळी त्याला वाटतं उतरली नाही. दुपारी म्हणतो, धुकं का पडलंय? हे धुकं लक्षात ठेवा. पिणाऱ्याने धुकं दिसतंय म्हटलं की लिंबूपाणी नको, झोपवणं नको, थेट मोठ्या इस्पितळात. त्यावर औषध आहे, डायलिसिस आहे, वेळेत गेलं तर माणूस वाचतो. पोलीस केस होईल म्हणून घरात लपवलेली माणसं मेली.

साध्या दारूचं मरण हळू असतं, एवढाच फरक. आधी लिव्हरवर चरबी. या पायरीला सोडली तर लिव्हर बहुतेक पूर्ववत होतं, मूर्खासारखं माफ करतं. मग सूज, कावीळ. मग ते आकसून दगडासारखं होतं. पोटात पाणी, हातपाय काड्या. रक्ताला लिव्हरातून वाट मिळत नाही, ते अन्ननळीच्या शिरांत तुंबतं आणि एक दिवस शिर फुटते. बादलीभर रक्ताची उलटी. मी ती बादली धरलेली आहे. आपल्या माणसाचं वय तिथं बहुतेक चाळिशीच्या आत असतं. उपाशीपोटी पिणं, त्यावर टीबी. टीबीच्या गोळ्या स्वतःच लिव्हरला जड असतात, त्यावर रोज पावशेर म्हणजे दोन्हीकडून मार. मग तो दारू सोडत नाही, गोळ्या सोडतो. त्याचा खोकला दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांना पुरतो.

आता सगळ्यांनी एक करा. लाजू नका. उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला. जातात? ज्याची जात नाहीत त्याने हसू नये. गुटखा-सुपारीने गालाच्या आतली कातडी चामड्यासारखी होते, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग होते. कॅन्सरची ती पायरी आहे. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, तंबाखू नसली तरी. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. म्हणून टपरीवाला आता दोन पुड्या देतो, मसाल्याची वेगळी, तंबाखूची वेगळी. तोंडात एक झाली की गुटखा. हातावर चुना मळून खाणाऱ्याने हे ऐकावं, चुना चवीला नसतो, चुन्याने तंबाखूतलं निकोटिन सुटून झटकन रक्तात जातं. किक चुन्याची आहे. आणि तंबाखूवर दारू म्हणजे तोंड-घशाच्या कॅन्सरला बेरीज नाही, गुणाकार.

मायबहिणी हसतायत. तुमच्या मशेरीचं काय? तवा तापवून तंबाखू भाजली म्हणजे ती दंतमंजन होत नाही. पोटुशी बाई दिवसातून पाचदा मशेरी लावते, पोर कमी वजनाचं होतं आणि दोष मिळतो नशिबाला. मला ठाऊक आहे, मशेरी भूक मारते. घरात चार भाकरी आणि खाणारी सहा तोंडं असली की बाई मशेरीचं बोट लावून बसते. ती भूक कोणी मोजत नाही.

विडीबद्दल एकच. आपण भेटल्यावर जय भीम म्हणतो. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली होती. पानाची आणि तंबाखूची धूळ ज्यांच्या छातीत रोज जात होती त्यांची. हरदास १९३९ साली पस्तिसाव्या वर्षी क्षयाने गेले. विडी सारखी विझते म्हणून जोराने ओढावी लागते, धूर खोल जातो. आमच्याकडं पाय कापलेले विडीवाले येतात. आधी बोट काळं पडतं, मग तळवा. एक पाय कापल्यावर जिन्यात बसून दुसरी विडी पेटवणारा मी पाहिलाय. त्याला शिव्या देऊन काही होत नाही. निकोटिनची पकड तशी असते.

गर्द, बटन गोळ्या, खोकल्याचं औषध, आता एमडी, यांवर मी फार बोलत नाही. १९८० नंतर गर्दने मुंबईच्या झोपडपट्टीत पोरांची एक पिढी खाल्ली, तेव्हाच पुण्यात १९८६ साली मुक्तांगण उभं राहिलं. एक ध्यानात ठेवा, पुडी विकायला ठेवलेलं पोर तुमच्याच गल्लीतलं असतं. तुरुंगात तेच जातं. माल आणणाऱ्याला तुम्ही कधी बघितलेलं नसतं.

आता थोडं आपल्या घरातलं. चळवळीत एक खूळ आहे, कवी म्हटला की प्यायलाच पाहिजे, विद्रोही म्हटला की रात्री अड्ड्यावरच सापडला पाहिजे. कोणी मोठा प्यायला म्हणून तो मोठा झाला असं नाही. त्याच्या कवितेत जे होतं ते बाटलीतून आलं नव्हतं, वस्तीतून आलं होतं. मोर्चाच्या आदल्या रात्री पोरांना पेटी पाठवणारा पुढारी मी पाहिलाय. दुसऱ्या दिवशी पोरं मोर्चात होती, घोषणा देत होती, पण प्रश्न विचारायच्या स्थितीत कोणी नव्हतं. पुढाऱ्याला तेच हवं होतं. निवडणुकीच्या आदल्या रात्री वाटतात ती याचीच मोठी आवृत्ती. त्या नशेत आपण जिवाचा बाजार करतो, आणि बायकोवर हात टाकतो. हो, हे मला सोडायचं नाही. सगळं व्यवस्थेवर ढकलून झालं की घरी जाऊन मारतो तो हात व्यवस्थेचा नसतो, तुझा असतो. कंत्राटदारासमोर जो हात वर होत नाही तो नेमका बाईसमोर कसा होतो? याचं उत्तर मला या सतरंजीवर बसलेल्या पुरुषांकडून हवंय, आज नाही तर पुढच्या बैठकीत.

सोडायची कशी, ते सांगून थांबतो. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, झटके येतात, भिंतीवर किडे दिसतात, आणि त्यात माणूस मरतो. लोक म्हणतात देवी आली, भूत लागलं. मांत्रिक नको. सलाईन, व्हिटॅमिन आणि झटक्यांचं औषध लागतं, चार-पाच दिवस खाट लागते. बायांनो, जाहिरातीतली पावडर चहातून गुपचूप घालू नका. काहींत असं औषध असतं की त्यावर दारू पडली तर माणूस जागीच आडवा होईल. त्याला सांगून, डॉक्टरच्या हातून. आणि एकदा सोडून पुन्हा प्यायला तर त्याला तोंड काळं करून फिरवू नका. हा आजार उलटतो, टीबीसारखाच. पुन्हा आणा.

खाट मिळत नाही, हे खरं आहे. इस्पितळात यासाठी वेगळ्या खाटा असाव्यात ही मागणी आपल्याला लावावी लागेल, त्यासाठी आज सह्या घेतोय, कागद मागच्या दाराशी आहे. ज्यांच्या घरात कोणी आहे त्यांनी इथं सगळ्यांसमोर नाव घेऊ नये. सोमवारी सकाळी आठला मी केस पेपरच्या खिडकीशी उभा असतो, खाकी शर्ट. आधार कार्ड असेल तर आणा, नसेल तरी या. पेशंटला उपाशी आणू नका, आणि प्यालेला असेल तर तसाच आणा, दारात कोणी अडवलं तर मला हाक मारा.

जय भीम.